चेंडूचा वेग आणि वेगाचें मोल

क्रिकेटचा सामना चालू असतांना आमच्या घरांतील मुलांचें लक्ष खेळाकडे असतें कीं पडद्याच्या कोपऱ्यांत उमटणाऱ्या आंकड्याकडे, असा संशय आम्हांस पुष्कळदां येतो. गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटतो न सुटतो तोंच कोपऱ्यांत १४८ किंवा १५१ असा आंकडा चमकतो आणि मुलें एकच गिल्ला करतात. परवां असाच गलका ऐकून आमच्या मातोश्री आंतून बाहेर आल्या. "आजी, एकशें एक्कावन्न!" धाकट्या चिरंजीवांनीं मोठ्या अभिमानानें सांगितलें. मातोश्रींनीं चष्मा सांवरीत विचारलें, "अरे, पण तो बाद झाला का?"

बाद कोणी झालें नव्हतें. चेंडू बॅटची कड घेऊन सीमेपार गेला होता. मुलें थोडीं ओशाळलीं. आम्हांस मात्र तो प्रश्न दिवसभर पुरला. हा आंकडा येतो कोठून, तो नेमकें काय सांगतो आणि काय सांगत नाहीं, याचा थोडा विचार वाचकांपुढें ठेवावा असें त्यावरून आमच्या मनांत आलें.

वेग मोजण्याची विद्या

एके काळीं गोलंदाजाचा वेग मोजण्याचें साधन म्हणजे प्रेक्षकांची जीभ आणि फलंदाजाची मुद्रा, एवढेंच होतें. १९३२ सालच्या जून महिन्यांत हिंदुस्थानचा संघ लॉर्ड्‌सच्या मैदानावर आपला पहिला कसोटी सामना खेळावयास उतरला. इंग्लंडच्या सलामीस होम्स व सट्‌क्लिफ ही जोडी होती. अवघ्या कांहीं दिवसांपूर्वीं याच दोघांनीं यॉर्कशायरतर्फे ५५५ धांवांची भागीदारी करून सगळें क्रिकेटजगत् थक्क करून सोडलें होतें. अशा त्या दोघांचेहि त्रिफळे महंमद निसार यानें पहिल्या कांहीं षटकांतच उडविले, आणि इंग्लंडची स्थिति तीन बाद १९ अशी झाली. निसारचा वेग ताशीं किती होता हें आज कोणीहि सांगूं शकणार नाहीं, कारण तो कोणीं मोजलाच नाहीं. परंतु मातोश्रींच्या प्रश्नाचें उत्तर मात्र त्या दिवशीं दोन वेळां "झाला" असेंच होतें.

शास्त्रीय रीतीनें केलेल्या मापनांपैकीं गाजलेलें एक मापन १९७५ सालचें. ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें वेस्ट इंडीजविरुद्ध चाललेल्या सामन्यांत अतिशय जलद चित्रें टिपणारे कॅमेरे लावून जेफ थॉमसन याचा चेंडू मोजण्यांत आला, तेव्हां त्याचा वेग ताशीं सुमारे १६० किलोमीटर भरला. पुढें १९७९ सालीं त्याच शहरांत वेगवान गोलंदाजांची एक स्पर्धाच झाली. तींतहि थॉमसन पहिला आला. परंतु त्याचा वेग १४७.९ किलोमीटर होता. मायकेल होल्डिंगचा १४१.३ व इम्रान खानचा १३९.७ भरला. मधल्या काळांत, १९७६ सालीं, एक झेल घेतांना सहकाऱ्याशीं टक्कर होऊन थॉमसनचा खांदा निखळला होता. चार वर्षांत कमी झालेले ते बारा किलोमीटर त्या खांद्यानें नेले असें पुष्कळांचें मत आहे.

आजची रीत निराळी आहे. आगगाडी शिटी वाजवीत आपल्याकडे येऊं लागली कीं शिटीचा सूर चढा लागतो व गाडी पुढें निघून गेली कीं तोच सूर उतरतो, हा अनुभव वाचकांपैकीं बहुतेकांस असेल. या चमत्काराची उपपत्ति ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ क्रिस्तियान डॉप्लर यानें १८४२ सालीं मांडली. रडारचें यंत्र हेंच तत्त्व ध्वनिलहरींच्या ऐवजीं रेडिओलहरींना लावतें. यंत्रांतून निघालेली लहर चेंडूवर आदळून परत येते, तेव्हां तिच्या कंपनांत जो फरक पडलेला असतो त्यावरून चेंडूचा वेग क्षणार्धांत काढतां येतो. त्याच्या जोडीस 'हॉक-आय' ही दुसरी पद्धति आली. तिचा प्रथम उपयोग २००१ सालीं लॉर्ड्‌स येथील कसोटी सामन्याच्या प्रक्षेपणांत झाला. मैदानाच्या निरनिराळ्या बाजूंस बसविलेले कॅमेरे चेंडूचीं चित्रें घेतात आणि गणकयंत्र त्यांवरून चेंडूचा मार्ग व वेग ठरवितें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. पडद्यावर दिसणारा आंकडा हा चेंडू हातून सुटतांनाचा वेग असतो. पुढें हवेचा विरोध होऊन त्यांतील सुमारे दहावा हिस्सा वाटेंतच गळतो, आणि टप्पा पडतांना खेळपट्टी आपला वांटा घेते तो वेगळाच. फलंदाजाच्या बॅटीपर्यंत येतो तो चेंडू कोपऱ्यांतल्या आंकड्याहून बराच मंद असतो. मापनाच्या जागा व साधनें वेळोवेळीं बदलत गेल्यामुळें एका पिढीचा आंकडा दुसऱ्या पिढीच्या आंकड्यापुढें ठेवून मोठा कोण हें ठरविणें सुज्ञपणाचें नव्हे.

अर्ध्या सेकंदाचा हिशेब

तथापि चेंडू वाटेंत मंदावतो म्हणून फलंदाजाचें काम सोपें होतें, असें मात्र कोणी समजूं नये. खेळपट्टी बावीस यार्डांची म्हणतात ती दोन्ही बाजूंच्या यष्टी धरून. गोलंदाज व फलंदाज ज्या रेषांजवळ असतात त्यांमधील अंतर ५८ फूट, म्हणजे पावणेअठरा मीटरांहूनहि किंचित् कमी. ताशीं १५० किलोमीटर म्हणजे सेकंदास जवळजवळ ४२ मीटर. वाटेंत मंदावण्याची सवड धरली तरी हा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आंत फलंदाजापाशीं पोहोंचतो. दख्खनची राणी १९३० पासून पुण्याहून मुंबईस जात आहे. त्या सुमारें १९२ किलोमीटरांना तिला सव्वातीन तास लागतात. हातून सुटतांनाचा वेग तसाच टिकता तर हा चेंडू तीच वाट सव्वा तासाच्या थोड्या अधिक वेळांत संपविता.

आतां माणसाकडे वळूं. डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीस हातानें उत्तर देण्यास मनुष्यास सेकंदाचा सुमारे पांचवा हिस्सा लागतो. मोठमोठे खेळाडू यास अपवाद असतील अशी आपली समजूत असते. इंग्लंडांतील मानसशास्त्रज्ञ पीटर मॅक्लाउड यानें १९८७ सालीं एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. चटईच्या खेळपट्टीखालीं त्यानें बारीक लाकडी दांड्या दडवून ठेविल्या. त्यांवर पडलेला चेंडू कोणत्या बाजूस वळेल याचा आधीं कांहींच अदमास लागत नसे. आंतरराष्ट्रीय सामने खेळलेले फलंदाज तेथें उभे केले. परंतु चेंडू वळल्यानंतर सेकंदाचा पांचवा हिस्सा उलटेपर्यंत त्यांनाहि आपली बॅट फिरवितां येईना. म्हणजे थोर फलंदाजाची प्रतिक्रिया आपल्याहून फारशी जलद नसते. मग तो खेळतो तरी कसा?

याचें उत्तर २००० सालीं मॅक्लाउड व मायकेल लँड या दोघांनीं दिलें. फलंदाजाच्या डोक्यावर लहानसा कॅमेरा बसवून त्याची नजर कोठें जाते हें त्यांनीं टिपलें. 'चेंडूवरून नजर काढूं नकोस' असा उपदेश आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकला आहे. वस्तुतः निष्णात फलंदाज तसें करीत नाहीं. चेंडू सुटतांना तो त्याकडे क्षणभर पाहतो, आणि लगेच नजर चेंडूच्या पुढें उडी घेऊन टप्पा जेथें पडणार त्या जागेवर जाऊन थांबते. जो जितका कुशल, त्याची ही उडी तितकी लवकर. थोडक्यांत, तो चेंडूच्या मागें धांवत नाहीं. चेंडू येण्यापूर्वीं वाटेंत जाऊन बसतो. वर्षानुवर्षांच्या अभ्यासानें त्यास गोलंदाजाचा खांदा, मनगट व पाऊल यांवरूनच पुढचें कळूं लागलेलें असतें. ताशीं १३० आणि १५० या दोन वेगांमधील फरक सेकंदाच्या सात शतांशांइतकाहि नाहीं. पापणी लवण्यास याहून अधिक वेळ लागतो. परंतु सारा अंदाज बांधण्यास आणि पाऊल हलविण्यास जेथें वेळच एवढा तोकडा, तेथें ते सहा-सात शतांशच कसोटी पाहतात.

वेग येतो कोठून

वेगवान गोलंदाज दंडाच्या बळावर चेंडू फेंकतो ही एक सार्वत्रिक गैरसमजूत आहे. मुंबईच्या रमाकांत देसाईस पाहणाऱ्यांस ती केव्हांच सोडावी लागली असेल. जेमतेम सव्वापांच फुटांच्या आसपास उंची असलेला हा गडी 'टायनी' या लाडक्या नांवानेंच ओळखला जाई. १९५९ सालीं वेस्ट इंडीजविरुद्ध तो पहिला कसोटी सामना खेळला, आणि पुढें २८ कसोटी सामन्यांत त्यानें ७४ बळी मिळविले. देहयष्टीवरून त्याच्या वेगाचा अंदाज कोणासहि आला नसता.

खरी गोष्ट अशी कीं वेग हा धांवेंतून जन्मतो. धांवत आलेलें शरीर पुढचा पाय रोवून एकाएकीं थांबविलें जातें. त्या वेळीं गुडघा ताठ राहिला तर पायांत अडलेली गति कमरेंत, कमरेंतील खांद्यांत आणि खांद्यांतील हातांत चढत जाते. चाबकाची मूठ हातांत थांबते व टोंक कडाडतें, तसाच हा प्रकार आहे. परंतु चाबकाच्या मुठीस दुखत नाहीं. माणसाच्या पायास व पाठीस दुखतें. पुढचा पाय जमिनीवर आदळतांना शरीराच्या वजनाच्या पांचपटींहून अधिक भार त्यावर पडतो, आणि त्याच क्षणीं पाठीचा कणा वांकून पिळवटला जात असतो. दिवसांतून शंभर-सव्वाशें वेळां हें घडलें कीं कण्याच्या खालच्या मणक्यांस बारीक चिरा पडूं लागतात.

डेनिस लिली याची गोष्ट यासाठीं स्मरणांत ठेवण्यासारखी आहे. १९७३ सालीं वेस्ट इंडीजच्या दौऱ्यांत त्याच्या मणक्यांस असेच तडे गेले. त्याचा खेळ संपला असेंच बहुतेकांनीं धरलें होतें. लिलीनें महिनेच्या महिने शरीरास बंधन घालून व व्यायाम करून १९७४ सालीं पुनरागमन केलें. पूर्वींचा तुफानी वेग त्यानें पुढें चेंडूगणिक वापरला नाहीं. त्याच्या जागीं दिशा, टप्पा आणि फलंदाजाच्या मनाचा ठाव घेण्याची कला आणिली. निवृत्त झाला तेव्हां त्याच्या नांवावर ३५५ कसोटी बळी होते. आपल्या जसप्रीत बुमरा यासहि २०२३ सालीं पाठीवर शस्त्रक्रिया करवून घ्यावी लागली आणि तोहि त्यांतून परतला.

शंभर मैलांचा चेंडू

वेगाच्या आंकड्याचें वेड शिगेस पोहोंचलें तें शोएब अख्तरच्या दिवसांत. ताशीं शंभर मैलांचा पल्ला गांठावा ही त्याची महत्त्वाकांक्षा सर्वश्रुत होती. २२ फेब्रुवारी २००३ रोजीं, विश्वचषकाच्या सामन्यांत, केप टाऊनच्या न्यूलँड्‌स मैदानावर त्यानें इंग्लंडच्या निक नाइटला टाकलेला एक चेंडू १६१.३ किलोमीटर, म्हणजे शंभर मैलांहून किंचित् अधिक भरला. पुढें ब्रेट ली यानें २००५ सालीं व शॉन टेट यानें २०१० सालीं १६१.१ पर्यंत मजल मारली. परंतु अधिकृत उच्चांक म्हणून न्यूलँड्‌सचाच चेंडू मानला जातो.

आतां मातोश्रींचा प्रश्न विचारूं. निक नाइट बाद झाला का? नाहीं. त्यानें तो चेंडू शांतपणें पायांच्या बाजूस ढकलून दिला. सामना तर पाकिस्ताननें ११२ धांवांनीं गमावला, आणि इंग्लंडतर्फे चार बळी घेऊन सामनावीर ठरला तो वीस वर्षांचा जेम्स अँडरसन. त्याचें शस्त्र वेगापेक्षां स्विंग हें होतें.

हा आंकडा आतां केवळ पुरुषांचा राहिलेला नाहीं. ५ मार्च २०२४ रोजीं दिल्ली येथें महिलांच्या प्रीमियर लीगमध्यें मुंबईच्या संघाकडून खेळतांना दक्षिण आफ्रिकेच्या शबनीम इस्माईल हिनें मेग लॅनिंगला टाकलेला चेंडू १३२.१ किलोमीटर भरला. स्त्रियांच्या क्रिकेटमध्यें १३० च्या पुढें नोंदला गेलेला तो पहिलाच चेंडू. आमच्या घरांतील कन्यकेनें तो आंकडा कपाटाच्या दाराच्या आंतल्या बाजूस लिहून ठेविला आहे.

वेगाची किंमत

येथवर आम्हीं वेगाचें कौतुक केलें. परंतु ज्या साडेपांच औंसांच्या टणक चेंडूविषयीं आपण बोलत आहों तो माणसाच्या अंगावर आला तर काय होतें, हें सांगितल्यावांचून ही कथा पुरी होत नाहीं.

नरी कंत्राटदार हे १९६२ सालीं वेस्ट इंडीजला गेलेल्या भारतीय संघाचे कर्णधार होते. भित्रा मनुष्य तो नव्हे; १९५९ सालीं लॉर्ड्‌सवर स्टॅथमच्या चेंडूनें बरगड्या मोडल्या असतांहि त्यांनीं ८१ धांवा केल्या होत्या. १९६२ च्या मार्च महिन्यांत ब्रिजटाऊन येथें बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यांत चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्यांच्या डोक्यास लागला आणि कवटी भंगली. प्राणांशीं गांठ पडली. शस्त्रक्रियेसाठीं रक्त हवें होतें. तें देण्यास चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगर हे सहकारी पुढें आले, आणि त्यांच्याबरोबर प्रतिपक्षाचा कर्णधार फ्रँक वॉरेल हाहि आला. कंत्राटदार वांचले. पुढें प्रथम श्रेणीचे सामनेहि खेळले. कसोटी सामना मात्र पुन्हां त्यांच्या नशिबीं आला नाहीं. त्या वेळीं ते अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते.

१९७६ सालीं जमेका बेटावर किंग्स्टन येथें अंशुमन गायकवाड ८१ धांवांवर असतांना होल्डिंगचा चेंडू त्यांच्या कानावर आदळून त्यांना इस्पितळांत न्यावें लागलें. त्या सामन्याच्या दुसऱ्या डावांत भारताचे पांच गडी जायबंदी म्हणून खेळावयास येऊंच शकले नाहींत व डाव ९७ धांवांवर मिटला. १९८९ सालीं सियालकोट येथें वकार युनूसच्या चेंडूनें सोळा वर्षांच्या सचिन तेंडुलकरचें नाक फुटलें. तो मैदान सोडून गेला नाहीं. रक्त पुसून उभा राहिला आणि त्यानें ५७ धांवा केल्या. हा प्रसंग आज मराठी मुलांस तोंडपाठ आहे. परंतु तेव्हां त्याच्या शिरस्त्राणास तोंडापुढें जाळी नव्हती, ही गोष्टहि त्यांना त्याच वेळीं सांगितली पाहिजे.

कसोटी सामन्यांत शिरस्त्राण घालून उतरणारा पहिला फलंदाज म्हणजे ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यॅलप. साल १९७८, आणि मैदान ब्रिजटाऊनचें. सोळा वर्षांपूर्वीं कंत्राटदार जेथें कोसळले तेंच. प्रेक्षकांनीं त्याची हुर्यो उडविली. आज शिरस्त्राणावांचून उभा राहणारास आपण वेडा म्हणूं.

आणि शिरस्त्राण घातलें म्हणून सर्व झालें असेंहि नाहीं. २५ नोव्हेंबर २०१४ रोजीं सिडनी येथें फिलिप ह्यूज या तरुण फलंदाजास शॉन अ‍ॅबट याचा उसळता चेंडू शिरस्त्राणाच्या खालीं, मानेवर लागला. दोन दिवसांनीं तो वारला. त्याचा सव्विसावा वाढदिवस तीन दिवसांवर आला होता. तो चेंडू कांहीं उच्चांकाचा नव्हता. शंभर मैलांचा चेंडू नाइटनें सहज ढकलला, आणि त्याहून कितीतरी मंद चेंडूनें ह्यूजचा प्राण घेतला. आंकडा सर्व कांहीं सांगत नाहीं, असें आम्हीं म्हणतों तें याच अर्थानें.

पालकांस दोन शब्द

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं क्रिकेटच्या वर्गास जाणारीं मुलें असतील. हल्लीं वेग मोजण्याचीं साधनें स्वस्त झालीं आहेत, आणि चौदा वर्षांच्या मुलालाहि 'तुझा किती?' असा प्रश्न विचारला जातो. वाढत्या वयांत कण्याचीं हाडें पक्व झालेलीं नसतात. मणक्यांस चिरा पडण्याचा धोका याच वयांत अधिक. म्हणून इंग्लंड व ऑस्ट्रेलिया येथें अल्पवयीन गोलंदाजांनीं किती षटकें टाकावीं याची मर्यादा वयाप्रमाणें ठरवून दिलेली आहे. आपल्या मुलाच्या शिक्षकांस ती मर्यादा विचारण्यास पालकांनीं संकोच करूं नये. कमरेच्या खालच्या बाजूस सतत ठणकत असेल तर 'सवय होईल' म्हणून तिकडे दुर्लक्ष करूं नये. शिरस्त्राण मापाचें असावें, त्याची मागची बाजू मान झांकणारी असावी. आणि एकदां जोराचा फटका बसलेलें शिरस्त्राण, बाहेरून कितीहि धड दिसो, पुन्हां वापरूं नये. चार पैसे वांचविण्याची ही जागा नव्हे.

त्या रात्रीं जेवतांना आम्हीं मुलांना हीच हकीकत सांगितली. ह्यूजचें नांव निघालें तेव्हां पानांवरचे हात थांबले. मातोश्री बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "आणि ज्यानें तो चेंडू टाकला, त्या पोराचें पुढें काय झालें रे?"

हा प्रश्न आम्हांस कोणीं पूर्वीं विचारला नव्हता. अ‍ॅबट तेव्हां बावीस वर्षांचा होता. त्याचा दोष नाहीं असें साऱ्या क्रिकेटजगतानें त्यास सांगितलें. पुढच्याच महिन्यांत तो त्याच मैदानावर पुन्हां गोलंदाजीस उभा राहिला आणि सामन्याच्या शेवटच्या दिवशीं त्यानें अवघ्या १४ धांवांत सहा बळी घेतले. परत धांवत येऊन तो पहिला चेंडू टाकतांना त्याच्या मनांत काय चाललें असेल, तें मोजणारें यंत्र अद्याप निघालेलें नाहीं.

"बरें झालें, खेळला तो," मातोश्री म्हणाल्या, आणि त्यांनीं धाकट्याच्या पानांत आणखी भात वाढला.